हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला एडिट लॉग कसा तपासायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅलीप्राइम, बिझी, मार्ग किंवा ऑनलाइन चालणारे कुठलेही हिशेबाचे सॉफ्टवेअर असो, कुणी काय बदलले याची नोंद त्यात होत असते किंवा करवून घेता येते. बहुतेक ऑफिसांत ती नोंद वर्षातून एकदाच, ऑडिटच्या वेळी उघडली जाते. तोवर गेलेला पैसा परत येण्याची वेळ टळलेली असते, आणि ज्याच्यावर विनाकारण संशय आला त्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. हे पान छोट्या आणि मध्यम कंपन्यांचे मालक, अकाउंटंट आणि पतसंस्था-ट्रस्टचे हिशेब पाहणारे यांच्यासाठी आहे.

एडिट लॉगमध्ये नेमके काय साठते?

एंट्री कुणी केली, कधी केली, नंतर कुणी बदलली, बदलण्याआधी काय होते आणि नंतर काय झाले. व्हाउचरप्रमाणेच (म्हणजे एकेका व्यवहाराच्या नोंदीप्रमाणेच) खात्यांच्या, मालाच्या आणि पार्टीच्या मास्टरमधले, म्हणजे त्यांच्या कायमच्या माहितीतले, बदलही यात येतात. डिलिट केलेले व्हाउचर रोजकीर्दीतून गेले तरी लॉगमध्ये राहते.

काय साठत नाही, तेही लक्षात घ्या. कुणी पार्टीची यादी नुसती पाहिली, छापली किंवा एक्सेलमध्ये काढून घेतली, तर बहुतेक सॉफ्टवेअरच्या एडिट लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. बदल का केला, हेही लॉग सांगत नाही. ते माणसालाच लिहून ठेवावे लागते.

हा लॉग ठेवणे कायद्याने कुणाला बंधनकारक आहे?

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, मग ती खासगी असो, एका व्यक्तीची असो की कलम ८ खालची ना-नफा कंपनी असो. कंपनी (लेखा) नियम, २०१४ च्या नियम ३(१) मध्ये ही अट मार्च २०२१ मध्ये घातली गेली. तिची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली जाऊन १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदल तारखेसह नोंदला गेला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये, असे नियम म्हणतो. ऑडिटरला आपल्या अहवालात चार गोष्टी सांगाव्या लागतात: अशी सोय असलेले सॉफ्टवेअर वापरले का, ती वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात छेडछाड झाली का आणि लॉग जपून ठेवला का.

कंपनी कायद्याच्या हिशेबाच्या वह्यांविषयीच्या कलम १२८ चा भंग झाला, तर जबाबदार अधिकाऱ्याला ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भागीदारी संस्था, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), एकट्या मालकाचा धंदा, ट्रस्ट आणि सहकारी संस्था या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. तरीही लॉग चालू ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. सचिव बदलले, अकाउंटंट सोडून गेले, की संस्थेत मागे काय झाले हे सांगणारे दुसरे कुणी उरत नाही.

आमच्या टॅलीत लॉग चालू आहे की नाही, हे कसे कळेल?

टॅलीप्राइम दोन रूपांत येते. साध्या टॅलीप्राइममध्ये एडिट लॉग कंपनीच्या सोयींमधून चालू किंवा बंद करता येतो. ‘टॅलीप्राइम एडिट लॉग’ या दुसऱ्या रूपात तो बंद करताच येत नाही. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर दुसरेच हवे.

खात्री करायची असेल, तर डेटाची वेगळी कॉपी काढा, त्यात १०० रुपयांचे एक जर्नल व्हाउचर टाका, ते १०१ करा, मग डिलिट करा. लॉगमध्ये तिन्ही पायऱ्या युजरच्या नावासह आणि वेळेसह दिसल्या पाहिजेत. हा प्रयोग चालू कंपनीत करू नका. तीच नोंद कायमची राहील आणि ऑडिटर त्याचा खुलासा मागतील.

वर्षाच्या मध्येच एडिट लॉगवर आला असाल, तर त्या दिवसाआधीचे बदल लॉगमध्ये नाहीत. एडिट लॉगवर आल्याची तारीख कागदावर लिहून ठेवा.

सीए वर्षाअखेर तपासतातच, मग आपण दर आठवड्याला का पाहायचे?

ऑडिटर बहुतेक वेळा नमुन्यापुरत्या नोंदी तपासतात, तेही घटना घडून काही महिने झाल्यावर. चुकीच्या खात्यात गेलेले पेमेंट दोन दिवसांत कळले, तर बँकेला लेखी कळवून आणि सायबर फसवणूक असेल तर १९३० या मदत क्रमांकावर फोन करून पैसे अडवण्याची शक्यता उरते. दहा महिन्यांनी कळले, तर फक्त फिर्याद उरते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. चार दिवसांपूर्वी बिल का बदलले, हे माणसाला आठवते. मागच्या मे महिन्यातले कुणालाच आठवत नाही आणि मग प्रामाणिक माणसालाही उत्तर देता येत नाही. न आठवणे हा गुन्हा नाही, पण ऑडिटच्या टेबलावर तो तसा दिसतो.

आठवड्याची तपासणी नेमकी कशी करायची?

दिवस आणि वेळ ठरवा. शनिवारी दुपारी अर्धा-पाऊण तास छोट्या ऑफिसला पुरतो. पाहणारा माणूस एंट्री करणारा नसावा. मालक, भागीदार किंवा खरेदी-विक्रीतला कुणी जबाबदार माणूस चालेल. जमाखर्च फार येण्याची गरज नाही, धंदा माहीत असला पाहिजे.

सुरुवात रोजकीर्दीपासून करा. मागच्या तपासणीच्या दिवसापासून आजपर्यंत ज्या एंट्री *बदलल्या* किंवा *डिलिट झाल्या*, तेवढ्याच गाळून काढा. इथे बरेच जण चुकतात: ते व्हाउचरच्या तारखेने गाळतात. तुम्हाला हवी आहे ती बदल झाल्याची तारीख. आज कुणी मागच्या ऑगस्टचे बिल बदलले असेल, तर व्हाउचरच्या तारखेने गाळल्यावर ते या आठवड्यात दिसणारच नाही. म्हणून कालावधी संपूर्ण आर्थिक वर्षाचा ठेवा, मार्चनंतर काही महिने मागचे वर्षही जोडा, आणि मग बदलाच्या तारखेवर गाळा.

यादी आली की तीन ढीग करा. पहिला, रकमेला किंवा पार्टीला हात न लावलेले बदल, म्हणजे नॅरेशनमधली (एंट्रीखालच्या टिपणातली) दुरुस्ती, कॉस्ट सेंटर (खर्च कुठल्या विभागाचा ते), स्पेलिंग. यावर नजर फिरवून पुढे जा. दुसरा, रक्कम, पार्टी, तारीख किंवा कराचा दर बदललेल्या एंट्री. यातल्या प्रत्येकीचा कागद मागा: बिल, चलन, बँकेची ओळ. तिसरा, डिलिट केलेल्या एंट्री आणि मास्टरमधले बदल. हा ढीग सगळ्यात लहान असतो आणि बहुतेक वेळा शोधायचे ते इथेच सापडते. त्यातली एकही ओळ सोडू नका.

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका साध्या वहीत लिहा: व्हाउचर क्रमांक, काय बदलले, कारण, कुणी सांगितले, कुठला कागद पाहिला, सही. ही वही लॉगइतकीच मोलाची आहे. ऑडिटर आले की ती पुढे ठेवा.

उठण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या सांख्यिकी अहवालातून महिनावार व्हाउचरची संख्या उतरवून घ्या. टॅलीत स्टॅटिस्टिक्स नावाने तो मिळतो. पुढच्या शनिवारी मागच्या एखाद्या महिन्याचा आकडा बदललेला दिसला आणि लॉगमध्ये त्याचे कारण नसेल, तर प्रकरण गंभीर आहे. त्याबद्दल पुढे आहेच.

कोणत्या बदलांवर सगळ्यात आधी बोट ठेवायचे?

*पुरवठादाराचे बँक खाते बदलून परत पूर्ववत केलेले.* एक नमुना पाहा. मंगळवारी ११ वाजून ४२ मिनिटांनी एका पार्टीच्या मास्टरमध्ये खाते क्रमांक आणि आयएफएससी बदलला. १२ वाजून ५ मिनिटांनी त्या पार्टीचे पेमेंट व्हाउचर झाले आणि बँकेची फाइल निघाली. १२ वाजून ३१ मिनिटांनी खाते क्रमांक पुन्हा जुना झाला. आज मास्टर उघडले तर क्रमांक बरोबर, खतावणी बरोबर, पार्टीची बाकी शून्य. पुरवठादाराचा ‘पेमेंट आले नाही’ असा फोन येईपर्यंत काहीच खटकत नाही. हे फक्त मास्टरच्या लॉगमध्ये दिसते, आणि तेही सुरुवात आणि शेवट एवढेच न पाहता मधल्या सगळ्या आवृत्त्या पाहिल्या तरच.

*रोखीच्या व्हाउचरचे तुकडे.* एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात वजावटीला धरला जात नाही. म्हणून १८,००० चे व्हाउचर नंतर ९,५०० चे होते आणि उरलेल्या ८,५०० चे नवे व्हाउचर दुसऱ्या तारखेने पडते. लॉगमध्ये आधी १८,०००, मग ९,५०० असे स्पष्ट दिसते. हे बहुतेक वेळा चोरीसाठी नसते, ‘साहेबांना त्रास नको’ म्हणून केलेले असते. तरी थांबवलेच पाहिजे, कारण कर अधिकाऱ्याच्या हाती हाच लॉग पडला, तर तो पुरावा तुमच्याविरुद्ध जातो.

*रिटर्न भरल्यानंतर बदललेली विक्रीची बिले.* महिन्याने भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचे रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातो. त्यानंतर त्या महिन्याच्या बिलात रक्कम, जीएसटी क्रमांक किंवा कराचा दर बदलला, तर वह्या आणि पोर्टल यांचा मेळ तुटतो. ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर त्याला दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत) एक आकडा, तुमच्याकडे दुसरा. ई-इन्व्हॉइस लागू असलेल्यांनी आणखी जपावे. पोर्टलवरून आयआरएन (ई-इन्व्हॉइसला मिळणारा क्रमांक) २४ तासांच्या आतच रद्द होतो, त्यानंतर तुमच्या संगणकात बिल बदलले तरी पोर्टलवर जुनेच राहते. अशा दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट काढावी लागते.

*रोख विक्रीचे डिलिट केलेले बिल.* काउंटरवर पैसे घेतले, बिल दिले आणि संध्याकाळी बिल काढून टाकले. गल्ला जुळतो, विक्री कमी दिसते. यात मालाचा साठा मात्र जुळत नाही. म्हणून डिलिट झालेल्या रोख बिलांची यादी आणि स्टॉकमधली तूट शेजारी ठेवून पाहा.

*मागच्या तारखेच्या एंट्री.* व्हाउचरची तारीख आणि एंट्री केल्याची तारीख यांत किती दिवसांचे अंतर आहे, हा एक्सेलमधला एक वेगळा रकाना करा आणि मोठ्या अंतरापासून वाचा. खरेदीचे बिल उशिरा आले म्हणून २०-२५ दिवसांचे अंतर पडणे स्वाभाविक आहे. रोखीच्या एंट्रीत असे अंतर पडायला कारण नाही. रोख त्याच दिवशी हलते.

*दोन-तीन वेळा बदललेली एकच एंट्री.* एकदा बदलली तर चूक झाली म्हणायचे. तीन-चार आवृत्त्या झाल्या असतील, तर कुणीतरी आकडा जुळवत बसले होते. बँक जुळवणीतला फरक मिटवायला हे फार वेळा केले जाते.

ऑफिसात सगळे एकाच पासवर्डने काम करतात. मग लॉगचा काय उपयोग?

फारसा नाही. ‘अ‍ॅडमिन’ या नावाखाली चार माणसांचे काम दिसेल आणि चौघांवर सारखाच संशय येईल. लॉग तपासायला बसण्याआधी हे एक काम करा: प्रत्येकाचा वेगळा युजर, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त मालकाकडे किंवा संचालकाकडे. त्या युजरने रोजच्या एंट्री करायच्या नाहीत.

युजर वेगळे केल्यावरही पासवर्ड वाटले जातात. ते पकडायला मस्टर पुरते. रजेवर असलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी एंट्री पडली असेल, तर पासवर्ड दुसऱ्याकडे आहे. महिन्यातून एकदा रजेची यादी आणि लॉग एकत्र लावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पहिल्यांदा केले की बहुतेक ऑफिसांत काहीतरी सापडतेच.

लॉगमधली वेळ आमच्या वेळेशी जुळत नाही. सॉफ्टवेअर बिघडले आहे का?

दोन शक्यता आहेत. ऑनलाइन सॉफ्टवेअरचे लॉग अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. लॉगमध्ये पहाटे ४:१० दिसले, तर ते आपले सकाळचे ९:४०, म्हणजे ऑफिस उघडण्याची वेळ. उलट रात्री ८ दिसले, तर आपल्याकडे मध्यरात्र उलटून रात्रीचे दीड वाजलेले असतात. ‘पहाटे चार वाजता लॉगिन’ म्हणून कुणाला बोलावण्याआधी हा हिशेब करा.

दुसरी शक्यता म्हणजे संगणकाचे घड्याळ. संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअर बहुधा त्या संगणकाची वेळ घेते. घड्याळ मागे करून एंट्री केली, तर लॉगही मागची वेळ दाखवतो. म्हणून घड्याळ बदलण्याचा अधिकार साध्या युजरला ठेवू नका आणि ते इंटरनेटवरच्या वेळेशी आपोआप जुळत राहील असे करा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी यंत्रणा जुळवायला सांगितले आहे, त्यामागे हेच कारण आहे. लॉगमधला क्रमही पाहा: आधीच्या एंट्रीपेक्षा नंतरच्या एंट्रीची वेळ अलीकडची हवी. मध्येच वेळ उलटी गेलेली दिसली, तर घड्याळ हलवले गेले आहे.

चुकलेले बिल डिलिट करावे की कॅन्सल?

कॅन्सल. टॅलीत ऑल्ट+एक्सने बिल रद्द होते आणि क्रमांक जागेवर राहतो. ऑल्ट+डीने ते रोजकीर्दीतून जाते. डिलिटचा अधिकार मोजक्याच लोकांना द्या. व्हाउचरच्या प्रकारात मूळ क्रमांक कायम ठेवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर मधली एक एंट्री गेली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि छापून दिलेली बिले वह्यांशी जुळेनाशी होतात.

जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत बिले निघाली आणि किती रद्द झाली, हे द्यावे लागते. तो तक्ता भरण्याआधी लॉगमधल्या रद्द आणि डिलिट बिलांशी मिळवा.

लॉग बंद करता येत नाही, म्हणजे लबाडी अशक्य झाली ना?

नाही, आणि या समजुतीनेच मोठे नुकसान होते. लॉगला न दुखवता त्याला बगल देण्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला, जुना बॅकअप चढवणे. सोमवारचा बॅकअप गुरुवारी रिस्टोअर केला, की मंगळवार-बुधवारच्या एंट्री जातात आणि त्यांचा लॉगही जातो, कारण लॉग त्याच डेटात असतो. पुन्हा हव्या त्या एंट्री टाकल्या, की सगळे नवे आणि स्वच्छ. शनिवारी वहीत उतरवलेली व्हाउचरची संख्या इथे कामी येते. त्याचबरोबर रोजचा बॅकअप अकाउंटंटच्या हाताबाहेर ठेवा. इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे कंपन्यांना ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहेच.

दुसरा, नवी कंपनी तयार करून त्यात सगळे आयात करणे. नाव तेच, आकडे तेच, इतिहास कोरा. कंपनीच्या डेटाचा फोल्डर क्रमांक आणि तो कधी तयार झाला, हे टिपून ठेवा. आर्थिक वर्ष सुरू होताना डेटा विभागला असेल, तर तोही दिवस लिहा.

तिसरा, डेटाबेसमध्ये थेट हात घालणे. मोठ्या ईआरपीचा (कंपनीचे सगळे कामकाज एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटा एसक्यूएल सर्व्हर किंवा ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये असतो. आयटीचा माणूस पडद्यावरून न जाता थेट तक्त्यात आकडा बदलू शकतो आणि सॉफ्टवेअरच्या लॉगला त्याचा पत्ता लागत नाही. डेटाबेसच्या पातळीवरचा माग चालू नव्हता, असा शेरा ऑडिट अहवालांत वारंवार दिसतो तो यामुळे. डेटाबेसचे स्वतःचे ऑडिट चालू करा आणि त्याची फाइल डेटाबेस सांभाळणाऱ्याला पुसता येणार नाही अशा दुसऱ्या संगणकावर पाठवा. ही जोडणी करून द्या असे विक्रेत्याला लेखी कळवा. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर थांबू नका.

सुट्टीच्या दिवशीच्या नोंदी वेगळ्या पाहाव्यात का?

हो, आणि सुट्टी संपायच्या आत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला ११ ऑगस्ट २०१८ ला झाला, तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. क्लोन केलेल्या कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघाले आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (परदेशी पैसे पाठवण्याच्या बँकांच्या संदेश यंत्रणेतून) आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. हल्लेखोरांनी बँका बंद असण्याचा दिवस निवडला होता.

छोट्या ऑफिसातले प्रमाण लहान, पण वेळ तीच. दिवाळीत, गणपतीत, लागून आलेल्या सुट्ट्यांत लॉगिन झाले तर मालकाच्या मोबाइलवर सूचना यावी, अशी सोय बहुतेक ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये आणि नेट बँकिंगमध्ये असते. ती चालू करा. मार्च एन्डला रात्री उशिरापर्यंत काम चालते, तेव्हा रात्रीची वेळ आपोआप संशयास्पद धरू नका.

विंडोजचे लॉगही पाहावे लागतात का?

रोज नाही. पण सर्व्हरवर काही घटना क्रमांक लक्षात ठेवा: ४६२४ यशस्वी लॉगिन, ४६२५ फसलेले लॉगिन, ४६१६ घड्याळ बदलले, ४७२० नवा युजर तयार झाला, ११०२ सुरक्षा लॉग पुसला. शेवटचा कधीही दिसला तर लगेच विचारा. एकामागून एक शेकडो ४६२५ आणि मग एक ४६२४ असा क्रम दिसला, तर कुणीतरी पासवर्ड शोधून काढला आहे, असे समजून चाला.

विंडोजचा सुरक्षा लॉग सुरुवातीला २० एमबीचा असतो आणि भरला की जुने पुसून नवे लिहितो. गजबजलेल्या सर्व्हरवर तो काही दिवसांतच भरतो. आकार १ जीबी करा. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार लॉग किमान १८० दिवस ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत.

खरोखर संशयास्पद काही सापडले, तर पहिले काय करायचे?

काहीही दुरुस्त करू नका. चुकीची एंट्री सरळ करण्याचा मोह होतो. पण तुमचा बदलही लॉगमध्ये चढतो आणि नंतर कोणाचे काय, हे सांगताना घोळ होतो.

संपूर्ण डेटाचा बॅकअप नव्या पेन ड्राइव्हवर घ्या. लॉगचा अहवाल पीडीएफमध्ये काढा. दोन्ही फाइलींचा हॅश (फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणारी तिची अक्षर-अंकांची खूण) काढून कागदावर लिहा, विंडोजमधल्या सर्टयुटिल या साधनाने तो मिळतो, एसएचए-२५६ निवडा. त्या कागदावर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश द्यावा लागतो. नंतर काढलेल्या हॅशपेक्षा त्याच दिवशी काढलेला भक्कम.

पैसे गेले असतील, तर बँकेला कळवणे हे यातल्या कशासाठीही थांबवू नका.

मग त्या माणसाशी बोला. ‘तू हे का केलेस’ असे विचारू नका. ‘या बिलाचा कागद दाखवतोस का’ एवढेच म्हणा. बऱ्याच वेळा कागद निघतो आणि प्रकरण मिटते. चारचौघांत केलेला आरोप मागे घेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

सीएंच्या ऑफिसातून आर्टिकल (शिकाऊ उमेदवार) एंट्री करतात. त्या कशा ओळखायच्या?

त्यांना वेगळा युजर द्या. घसारा, तरतुदी, कराच्या जर्नल एंट्री एवढ्यापुरतेच अधिकार ठेवा. काम झाले की युजर बंद करा आणि त्यांच्याकडून एंट्रींची यादी ई-मेलने मागवा. एनीडेस्कसारख्या साधनाने ते तुमच्या संगणकात शिरत असतील, तर कायमचा पासवर्ड ठेवू नका, प्रत्येक वेळी तुमच्याकडून परवानगी द्या. अकाउंटंटच्या उघड्या लॉगिनवर दुसऱ्याने एंट्री केली की जबाबदारी अकाउंटंटच्या नावावर चढते, आणि हे त्याच्यावर अन्यायकारक आहे.

बदलच कमी व्हावेत म्हणून काय करता येईल?

महिना बंद करा. जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे रिटर्न) भरला की त्या महिन्याला कुलूप. टॅलीच्या सुरक्षा पातळ्यांमध्ये मागच्या तारखेच्या एंट्रीसाठी अंतिम तारीख आणि किती दिवस मागे जाता येईल, हे ठरवता येते. रोखीसाठी २ दिवस, खरेदीसाठी ३० दिवस अशी वेगळी मुभा हवी असेल, तर त्या कामांचे युजरच वेगळे ठेवा.

पार्टीचा बँक तपशील बदलायला दोन माणसे लावा. ई-मेलवर नवा खाते क्रमांक आला, तर जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. त्या ई-मेलमधल्या नंबरवर फोन करू नका.

आणि लॉगमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर दोष माणसात आहे असे समजू नका. एकाच मालाचा कराचा दर दर आठवड्याला दुरुस्त होत असेल, तर मालाच्या मास्टरमध्ये दर चुकीचा बसलेला आहे. दोन सारख्या नावांच्या पार्टींत एंट्री सारखी इकडची तिकडे होत असेल, तर नावापुढे गाव जोडा. लॉगचा सगळ्यात चांगला उपयोग हा आहे, आणि तो सगळ्यात कमी केला जातो.

कर्मचाऱ्यांना सांगून तपासावे की न सांगता?

सांगून. प्रत्येक बदल नोंदला जातो, दर शनिवारी कोण पाहते आणि विचारल्यावर काय दाखवायचे, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. लपून पाहिले की लोक चुका लपवतात. उघड पाहिले की ‘काल चुकून बिल दोनदा पडले होते, एक कॅन्सल केले’ असे आपणहून येऊन सांगतात.

लॉग किती वर्षे ठेवायचा?

कंपन्यांना हिशेबाच्या वह्या ८ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात, एडिट लॉगही त्याच मुदतीत येतो. सॉफ्टवेअर बदलले तरी जुने सॉफ्टवेअर आणि डेटा उघडता येईल अशा स्थितीत ठेवा. नुसता पीडीएफ पुरेसा नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतही लॉग किमान एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. नॅरेशनमध्ये कुणाचा आधार क्रमांक किंवा आजाराचा तपशील लिहू नका. तो तितकीच वर्षे लॉगमध्ये पडून राहतो.

लॉग एक्सेलमध्ये उघडला की मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरे येतात.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करू नका. एक्सेल रिकामे उघडा, डेटा मेनूतून मजकुराची फाइल आयात करा आणि मजकुराचा प्रकार ६५००१ यूटीएफ-८ निवडा. त्याच पडद्यावर व्हाउचर क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर ०००४५ चे ४५ होते. तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष असा सांगा. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल, तर ०४/०५ ही ४ मे न राहता ५ एप्रिल होते, १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत. रकान्यातल्या काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर हेच झाले आहे. आयात पुन्हा करा.